दारात नेऊन बघू द्या: लातुरातल्या एका नव्या दुकानाचं प्रकरण

२०२५ च्या दसऱ्याला लातूरच्या औसा रोडकडच्या भागात घरसजावटीचं आणि कपड्यांचं एक उंची दुकान उघडलं. खाली भांडी, चादरी, पडदे, दिवे. वरच्या मजल्यावर सुती, लिनन आणि रेशमी कपडे. दिवाळी उरकल्यावर माझी वहिनी तिथे खरेदीला गेली. सोबत आत्या होती आणि मी होतो. मी वाणिज्य शिकवतो. वर्गात चर्चेला येणारी प्रकरणं मुंबई-बंगळुरूची असतात, ती वाचून पोरं पेपर लिहितात आणि विसरतात. हे प्रकरण गावातलं आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतोय. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही.

असं दुकान चालेल का, हा प्रश्न गावात ज्याला-त्याला विचारला की उत्तर एकच येतं: "महाग हाय." त्या दिवशी आमच्या हातून काय घेतलं गेलं आणि काय तसंच राहिलं हे नीट पाहिलं, तर किंमत हे कारण फार खाली येतं. दुकान एकट्याने फिरणाऱ्या, डोळ्यांनी पसंत करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मांडलेलं होतं. आपल्याकडे मात्र खरेदीला तिघं जातात, ती चौथ्यासाठी असते आणि वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. ज्या ज्या ठिकाणी दुकानाने या सवयीला वाट दिली, तिथे पैसे आले.

कोणासाठी आणि किती

पुतणीने पुण्यात फ्लॅट घेतलाय. वास्तुशांत माघात, रथसप्तमीच्या आत, म्हणजे हळदी-कुंकवाचं वाणही त्याच दिवशी उरकणार. वहिनीच्या यादीत चार गोष्टी होत्या: सहा माणसांचा जेवणाचा सेट, डबलबेडची चादर, जावयाला एक चांगला कुर्ता आणि पन्नासेक सुवासिनींना लुटायला वाण. मनाशी धरलेली रक्कम तीस हजार.

एरवी अशी यादी घेऊन माणूस गंजगोलाईत जातो. मधलं देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते, त्या-त्या रस्त्याचा आपापला धंदा. तिथला कापडवाला गादीवर बसवतो, चहा मागवतो, "भाऊसाहेब काय म्हणतेत?" विचारतो आणि न मागता वीस नग उलगडतो. मोठा बस्ता असेल तर सोलापूर, हौस असेल तर हैदराबाद. या नव्या दुकानात जायचं कारण एकच होतं. पुतणीने इन्स्टाग्रामवर तिथल्या ताटल्यांचा फोटो पाहून आईला पाठवला होता. पुण्यात राहणाऱ्या मुलीने लातूरच्या दुकानाचा पत्ता लातूरच्या आईला द्यावा, यात धंद्याच्या दृष्टीने बरंच काही आहे.

काळ बरा नव्हता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातलं सोयाबीन पाण्यात गेलेलं. भावाची भुसार मालाची आडत आहे, त्यामुळे आमच्या घरात कुठल्याही किमतीचं आधी क्विंटलमध्ये रूपांतर होतं. शिरल्या शिरल्या एका बेडकव्हरवर ५,४९० ची चिठ्ठी दिसली. वहिनीने भावाला फोनवर सांगितलं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, आणि आडतीवर त्या दिवसांत तेवढाही मिळत नव्हता. तिकडून उत्तर आलं, "क्विंटलभर सोयाबीन अंथरायलाच लागतंय व्हय?"

तरीही लातुरात अशा दुकानाला गिऱ्हाईक नाही असं नव्हे. डाळमिल, क्लासेस, दवाखाने यांचा पैसा शहरात आहे. तो पैसा आजवर खरेदीला पुण्याला जात होता, एवढंच.

बसायला जागा

पाटीवर इंग्रजी अक्षरं हातभर आणि मराठी बोटभर. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. मालकाला मी नंतर हे सांगितलं, तर म्हणाला, पाटी पुण्याहून करून आली.

आत गारवा, गवती चहासारखा वास, पिवळा मंद उजेड. कपाट नाही, गल्ला दिसत नाही, सगळं उघडं मांडलेलं. एका टेबलावर तीन वाट्या, त्यांच्याभोवती हातभर मोकळी जागा. महागड्या दुकानात मोकळी जागा हाच माल असतो. गच्च भरलेल्या फळीवरची वस्तू स्वस्त वाटते आणि एकटी ठेवलेली तीच वस्तू मोलाची वाटते. हे गणित मालकाला चांगलं अवगत होतं.

बसायची जागा मात्र कुठेच नव्हती. आत्याचं वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात. तिने इकडे-तिकडे पाहिलं आणि वेताच्या एका खुर्चीवर बसली. खुर्चीला १४,५०० ची चिठ्ठी लटकत होती. तिथली मुलगी औशाकडची, विशीतली. ती एक पाऊल पुढे आली, थांबली आणि "बसा आजी" म्हणून पाणी आणायला गेली. माझ्या मते त्या दिवशीची निम्मी विक्री या क्षणी झाली. आत्या उठून बाहेर गेली असती तर वहिनी दहा मिनिटांत तिच्या मागे गेली असती. गंजगोलाईतल्या गादीचं काम हेच असतं. कुटुंबातलं सगळ्यात थकलेलं माणूस बसलं की बाकीच्यांना वेळ मिळतो.

ताटल्या

पुतणीने फोटो पाठवलेल्या ताटल्या पांढऱ्या, पातळ, उजेडाला धरल्या की आरपार बोटं दिसावीत अशा. सहा जणांचा सेट ११,९०० ला. वहिनीने घ्यायचं जवळजवळ ठरवलंच होतं. आत्याने खुर्चीवरून विचारलं, "हे कशाचं हाय गं?"

मुलीने चिठ्ठी वाचली, "बोन चायना, आजी."

"म्हंजे?"

मुलीला सांगता येईना. मला माहीत होतं, पण मी मुद्दाम गप्प राहिलो. विक्री विकणाऱ्याने करावी. मुलीने आतून मालकाला बोलावलं. तिशीतला पोरगा, लातूरचाच, काही वर्षं बंगळुरूला नोकरी करून परतलेला. त्याने क्षणभर विचार केला आणि सरळ सांगितलं, "आजी, यात जनावराच्या हाडाची राख असते."

आत्या माळकरी आहे. पुढे काही बोलायची गरज उरली नाही. बोन चायना इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी रूढ झालं. मातीत हाडांची राख मोठ्या प्रमाणात मिसळायची, साधारण तीस टक्क्यांपासून पन्नासपर्यंत. त्यानेच ती भांडी पातळ असूनही चिवट आणि अर्धपारदर्शक होतात. आपल्याकडे घराघरांत ते कप आहेत आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. मालक "हे चिनी मातीचं आहे आजी" म्हणाला असता तर अकरा हजार नऊशे त्याच मिनिटाला आले असते.

खरं सांगितल्यामुळे तो सेट गेला आणि दुसरा आला. त्याने शेजारच्या फळीवरून स्टोनवेअर काढलं, खुर्जाचं. उत्तर प्रदेशातलं हे गाव मातीच्या भांड्यांसाठी जुनं प्रसिद्ध आहे. जाड, करडा-निळा झिलईदार रंग, बाराशे अंशांच्या आसपास भाजलेलं. आत्याने ताटली बोटावर तोलून टिचकी मारली. आवाज बद्द आला की आत चीर असते, खणखणीत आला की भांडं पक्कं. मडकी घेताना ती आयुष्यभर हेच करत आलीय. दोन ताटल्या तिने बाजूला काढायला लावल्या. मालकाने त्या निमूट बदलल्या. सेट ७,४०० ला घेतला.

त्याच फळीच्या टोकाला पितळेचं घंगाळ होतं, आत मनीप्लांट, किंमत ६,५००. आत्या बराच वेळ त्याकडे बघत राहिली. तिच्या सासरी असली दोन घंगाळं होती. स्टील आलं तेव्हा मोडीत घातली आणि त्या पैशात डबे घेतले. तिने आत हात घालून बघितला आणि म्हणाली, "ह्याला तर कल्हईच नाही." शोभेच्या पितळेला कल्हई नसते. वरून चमक टिकावी म्हणून वार्निशासारखा पारदर्शक थर असतो, त्यात स्वयंपाक करू नये. दुकानातल्या एकाही चिठ्ठीवर हे लिहिलेलं नव्हतं. शहरी गिऱ्हाईक त्यात झाडच लावणार, त्यामुळे तिथे चालून जातं. लातुरात मात्र कोणीतरी त्यात नक्की आमटी उकळणार.

चादर आणि शिट्टी

चादरींत मुख्य आकर्षण होतं धाग्यांच्या संख्येचं. एकावर ३००, दुसरीवर ४००, तिसरीवर ८००. चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे, तो हा आकडा. वाढला की कापड तलम, इथपर्यंत ठीक. पण काही उत्पादक दोन पदरी सूत दोनदा मोजतात, मग ४०० चे ८०० होतात आणि कापड उलट जड लागतं. वहिनीने आठशेवाली हातात घेतली, चोळली आणि ठेवून दिली. तिला आकड्याचा अर्थ माहीत नव्हता, हाताला कळलं.

तिला आवडली ती हाताच्या ठशांची, राजस्थानातल्या बगरूची चादर. मातीचा लेप देऊन रंग अडवण्याची पद्धत, गेरू-काळ्या रंगांत. हा ठसा खरा हाताचा की छापील, हे ओळखायची जागा म्हणजे जोड. एका ठशाचा काठ दुसऱ्याला लागतो तिथे केसभर सरकलेला असतो, कुठे रंग गडद, कुठे फिका. यंत्रावर छापलेलं अगदी एकसारखं असतं आणि उलट्या बाजूने पांढरट. या चादरीचे जोड सरकलेले होते.

अडचण रंगाची होती. दुकानातल्या पिवळ्या उजेडात तो तांबूस दिसत होता. आत्याने फर्मान काढलं, "दारात नेऊन बग." हे आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की वहिनीने विचारलंसुद्धा नाही. चादर उचलली आणि दाराकडे चालू लागली. उंबऱ्याशी पोचताच चोर पकडायच्या यंत्राने शिट्टी मारली, पहारेकरी धावला, सगळं दुकान वळून पाहायला लागलं. वहिनीचा चेहरा उतरला. लग्न झाल्यापासून ती दुकानदारांच्या साक्षीने साड्या दारात नेत आलीय आणि कोणी तिला चोर ठरवलं नव्हतं.

हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक प्रसंग. यंत्राचा दोष नाही. उघड्या मांडणीच्या दुकानाला ते लागतंच. पण गादीच्या दुकानात माल विकणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून गिऱ्हाईक मोकळं असतं. इथे माल गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि संशय दाराशी बसवला. मालक बाहेर आला, शिट्टी बंद केली, माफी मागितली आणि स्वतः चादरीचं दुसरं टोक धरून पायरीवर उभा राहिला. उन्हात रंग विटकरी निघाला. वहिनीला तोच हवा होता. ३,४९० ला चादर झाली. पण पुढची पंधरा मिनिटं ती कशालाच हात लावत नव्हती. लांबून बघायची, मग माझ्याकडे बघायची.

गोधडीची उलटी बाजू

तिला पुन्हा मोकळं केलं ते आत्याने. जिन्याखाली एक रजई घडी करून ठेवलेली, जुन्या साड्यांच्या थरांची, आपल्याकडे वाकळ म्हणतात तशी. चिठ्ठीवर "हॅन्डक्राफ्टेड" आणि ५,८००. आत्याने आयुष्यात अशा किती शिवल्या असतील. दुपारची भांडी आवरली की सुई-दोरा, पावसाळ्याआधी घरटी एक.

तिने किंमत पाहिलीच नाही. घडी उलगडली, उलटी केली आणि टाक्यांवरून बोट फिरवलं. हाताचा धावदोरा दोन्ही बाजूंनी तुटक दिसतो, एक टाका वर, एक खाली. यंत्रात वरचा दोरा वेगळा, बॉबिनचा वेगळा, म्हणून दोन्हीकडे सलग रेघ उमटते. ही रजई मधे हाताने आणि चारही काठांना, शिवाय दोन आडव्या पट्ट्यांत, यंत्राने शिवलेली होती. "अर्धी हातची हाय," तिने निवाडा दिला. "हॅन्डक्राफ्टेड" या शब्दाला फारसं बंधन नाही. हातमागाच्या कापडासाठी सरकारचं हॅन्डलूम मार्क आहे, अस्सल रेशमासाठी सिल्क मार्क. ती चिन्हं मागता येतात. नुसता हाताचा उल्लेख कोणी कशावरही करावा.

मालक हे ऐकत होता. वाद घालायच्या ऐवजी त्याने वही आणली आणि आत्याला विचारलं, पूर्ण हाताची शिवायला किती दिवस लागतील, कोण शिवतं, काय घेतात. आत्याने खेड्यातल्या दोन बायांची नावं सांगितली आणि वर बजावलं, "पैसे आधी द्यायचे. आमच्या बायका उधारीवर शिवत नसतेत."

कुर्त्यातला कर

वरच्या मजल्यावर जावयासाठी दोन कुर्ते निवडले. कापड, रंग तेच. एकाच्या गळ्याला हाताचं भरतकाम. साधा २,६००, भरतकामाचा ३,२००. वहिनी म्हणाली, "सहाशेसाठी काय कंजूषपणा करायचा? जावई आहे, भरतकामाचाच घेऊ."

इथे मी तोंड उघडलं, कारण फरक भरतकामाचा नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर गेलं की सगळ्या किमतीवर १८. त्याआधी हीच रेघ हजारावर होती, वरचा दर १२. चिठ्ठीवरची किंमत करासकट असते. २,६०० मध्ये कापडाचे २,४७६ आणि कराचे १२४. ३,२०० मध्ये कापडाचे २,७१२ आणि कराचे ४८८. म्हणजे सहाशेच्या फरकातले ३६४ सरकारचे आणि भरतकामाचे फक्त २३६. दोनशे छत्तीस रुपयांत हाताने कोणी गळा भरून देत नाही, तेव्हा भरतकामाकडेही संशयाने बघावं लागतं.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. करासकट २,६२५ आणि २,९५० यांच्या मधली किंमत कपड्याच्या चिठ्ठीवर बसूच शकत नाही; पाच टक्क्यांनी एवढी होत नाही आणि अठराने त्याहून वर जाते. मी वरच्या मजल्यावर फिरून चिठ्ठ्या पाहिल्या. दुकानाने ही दरी बरोबर ओळखली होती: बराचसा माल २,६०० च्या आत आणि मग एकदम ३,२०० च्या पुढे. सवलतीच्या दिवसांत हे लक्षात ठेवावं. वरच्या नगावर सूट मिळून तो रेघेखाली आला, की कराचा दरही उतरतो. ती उतरण गिऱ्हाइकाला मिळाली का, हे बिलावर दिसतं.

साधा कुर्ता घेतला. लिननचा एक शर्ट मी स्वतःसाठी पाहिला, ४,२०० चा. लिनन म्हणजे जवसाचं सूत. आपण तेल-चटणीसाठी लावतो त्याच पिकाची, पण खोडातला तंतू लांब असावा म्हणून उंच वाढवलेली जात. हे ऐकून आत्या खुदकन हसली. जवसाचं खोड आमच्याकडे कोणी उचलूनही ठेवत नाही. शर्ट मी घेतला नाही. लिननला इस्त्री लागते आणि आमच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात पांढरं कापड वर्षात पिवळट पडतं.

पाण्याचीच गोष्ट टॉवेलांना लागू. दुकानात चौरस मीटरला ७०० ग्रॅमचे जाड टॉवेल होते, १,२५० ला एक. हात घातला की मऊशार. पण जड पाण्याने धुतले की करकरीत होतात आणि पुण्याच्या पावसात सातव्या मजल्यावर तीन-तीन दिवस वाळत नाहीत. सोलापूरचा चारशे-साडेचारशे ग्रॅमचा टॉवेल तिथे बरा. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला दोन्हीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तो इथून काही तासांवर विणला जातो. या दुकानात एकही नव्हता.

वाण

मुख्य मामला शेवटी आला. कोपऱ्यात जेवणाच्या टेबलावरचे सुती नॅपकिन होते, ठशांचे, सहाचा सेट ९०० ला. वहिनीने एक उलगडला आणि मला म्हणाली, "हा रुमाल वाणाला किती शोभंल बघा."

दुकानाच्या लेखी तो टेबल नॅपकिन होता. सहा माणसं, सहा ताटल्या, सहा नॅपकिन. वहिनीच्या लेखी ते एक-एक सुटं, पन्नास जणींच्या हाती जाणारं, हळद-कुंकू लावून ओटीत पडणारं वाण होतं. प्लास्टिकच्या डब्यांना ती कंटाळली होती. "सगळ्यांकडं तेच पडलेत" ही तिची तक्रार. तिने पन्नास सुटे मागितले. मुलीने संगणकात पाहिलं. सेट फोडता येत नाही. बारकोड सेटचा आहे.

मग मालक, वहिनी आणि आत्या यांच्यात जे झालं त्याला घासाघीस म्हणायचं की आणखी काही, मला ठरवता आलेलं नाही. दुकानावर "किंमत ठरलेली" अशी पाटी होती. वहिनी म्हणाली, "ठरलेली असू द्या. मी एक नाही, नऊ सेट घेते. बांधून घेतेय म्हटल्यावर काही सोडाल का नाही?" मालकाने भाव कमी करता येणार नाही असं दोनदा सांगितलं. आत्याने खुर्चीवरून विचारलं, सेटच्या डब्याचे किती? पुठ्ठ्याचा चांगला डबा होता, रेशमी फीत वगैरे. मालक हसला आणि म्हणाला, डब्याचेच शंभराच्या वर जातात. "मग डबे ठिवा तुमच्यापाशी."

डब्याशिवाय ७८० रुपये सेट ठरला, नऊ सेटचे ७,०२०, नग ५४. रुमालाला १३० पडले. माल दोन आठवड्यांत मिळणार, आगाऊ निम्मे. मालकाला भाव पाडावा लागला नाही आणि वहिनीला पुरा भाव द्यावा लागला नाही. डब्याचा सुटा हिशेब करायचं दोघांच्याही डोक्यात नव्हतं.

गल्ल्यावर

बिल करताना मुलीने मोबाइल नंबर विचारला. वहिनीने नकार दिला. दिवसाला दहा संदेश येतात म्हणाली. मुलगी म्हणाली, नंबराशिवाय बिल निघतच नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय की बिलासाठी नंबराची सक्ती करू नये. मालकाने स्वतःचा नंबर टाकून बिल काढलं. तो दिवसाकाठी अशी किती बिलं स्वतःच्या नंबरावर काढतो, कोण जाणे. कापडी पिशवीचे वेगळे ४० रुपये होते. आत्याची पिशवी सोबत होती, प्रश्न मिटला.

बिलाच्या तळाशी होतं, "सात दिवसांत बदलून मिळेल, पैसे परत मिळणार नाहीत." याचा अर्थ लोक चुकीचा लावतात. आवडलं नाही म्हणून पैसे परत मागायचा हक्क कायद्याने आपोआप मिळत नाही, तिथे दुकानाची अट चालते. वस्तू सदोष निघाली तर गोष्ट वेगळी: ती परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत असेल तर तेवढ्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. वाणाच्या रुमालांचा रंग धुण्यात गेला तर काय, हे मी मालकाकडून पावतीवर लिहून घेतलं. गरज पडली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

मालकाशी नंतर

काही दिवसांनी रुमाल आणायला गेलो तेव्हा मालकाने मला बसवून घेतलं. बसवायला आता जागा होती. जिन्याशी एक लांब बाकडं ठेवलं होतं, त्यावर चिठ्ठी नव्हती. दर्शनी काचेजवळची दोन टेबलं काढून उन्हाचा पट्टा मोकळा ठेवलाय. चादरी-साड्या तिथे आणून दाखवायच्या, शिट्टीच्या अलीकडे. सेट फोडून विकण्याला मात्र तो तयार नाही. एक नग गेला की उरलेले पाच अडकतात, हे त्याचं म्हणणं रास्त आहे. मोठ्या मागणीची वेगळी वही त्याने सुरू केली आहे.

माझ्या हिशेबाने त्या दिवशी आम्ही २०,५१० रुपयांचा व्यवहार केला. तीस हजारांतले साडेनऊ राहिले, आणि ते महागाईमुळे राहिले असं नाही. टॉवेल पाण्यामुळे राहिले, पहिला सेट हाडांमुळे, रजई टाक्यांमुळे. एकूण रकमेतला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग वाणाचा होता, ज्याचा दुकान उघडताना मालकाने विचारही केला नव्हता.

त्याचा पुढचा बेत बस्त्याचा आहे. वरच्या मजल्यावर लग्नाची खरेदी करून द्यायची म्हणतो. त्यावर माझं मत मी त्याला तिथेच सांगितलं: जमणार नाही. त्याच्याकडे एका प्रकारचे दोन-चार नग असतात. बस्त्याला मानाच्या पाच साड्या वेगळ्या लागतात आणि आहेराच्या चाळीस साधारण एका भावाच्या, शिवाय टॉवेल-टोप्यांचा गठ्ठा, आणि हे सगळं एका दुपारी समोर हवं. निम्मं लग्नानंतर परत करायची मुभा हवी. पैसे शेतमाल विकल्यावर, म्हणजे यंदासारख्या वर्षी कधी ते सांगता येत नाही. गंजगोलाईतला व्यापारी ती उधारी तीन पिढ्यांच्या ओळखीवर देतो. याच्याकडे ओळख नाही आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला आहे. त्याने त्यापेक्षा वास्तुशांत, बारसं, मुंजीचं वाण आणि आहेर धरावा: तीस ते साठ नग, आगाऊ पैसे, दोन-तीन आठवड्यांची मुदत, डब्याशिवाय. तो म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. मालाची निवड तीच करते.

आत्याने सांगितलेल्या दोघींपैकी एकीने दोन वाकळी शिवायला घेतल्यात. पैसे आधी घेऊन.